चाल

बाबा गेले त्याला आज सत्तेचाळीस दिवस.
दांडिया बाजारातल्या दुकानाचं शटर अर्धं वर,
आत सात पेट्या, पोटं उघडून पडलेल्या,
आणि मी.
आईबाप गेले की वर्षभर गाणं नाही, वाजवणं नाही,
कानावर पडू देणंही नाही
असं ज्यांच्यात, त्यांच्यातली मुलगी,
धंद्याने सूर लावणारी.

अहमदाबादच्या मोझेसकाकांना फोन केला होता:
पितळेची पट्टी कानशीने घासून
गंधार जागेवर आणणं, हे संगीतात धरायचं का?
काका बराच वेळ खोकले.
म्हणाले, पोटासाठी असेल तर कर,
पण लागला की फार वेळ ऐकत बसू नकोस.

तेव्हापासून गंधार लागला रे लागला
की मी भात्यावरचा हात काढून घेते.
तो जरासा रेंगाळतो. त्याला काय माहीत.

दहा पुरुष लागतात आमच्या कद्दीशला.
त्या दुपारी होते नऊ.
दहावा मेमूत, वासदच्या पुलाअलीकडे सिग्नलला उभा.
नऊ जण घड्याळं बघत राहिले,
खड्ड्याच्या कडेची माती वाळत राहिली.
तबलजी वझे हळूच म्हणाले, मी चालेन का?
दोघे-तिघे हसले. मग कोणीच हसेना.
दहावा आला तो रिक्षातून उतरून पळतच,
हातात जेवणाचा डबा तसाच.

वझ्यांनी नंतर विचारलं, काय होतं त्यात?
म्हटलं, मरणाचं नावसुद्धा नाही. नुसती स्तुती.
ते म्हणाले, आणि ठेका?
साडेसात मात्रा मोजल्या मी. की आठ?

आमचं तारू फुटलं नवगावच्या किनाऱ्याशी,
असं सांगतात.
पोथ्या बुडाल्या, भांडीकुंडी बुडाली, नावं बुडाली.
एक वाक्य तेवढं पोहून आलं: ऐक, हे इस्राएला.
पण कोणत्या चालीवर आलं
हे कोणी सांगत नाही.
बाबा म्हणत, झिराडच्या घाण्यातून उचलली असणार आपल्या लोकांनी.
बैल गोल गोल, लाट कुरकुरते,
शनिवारी तेवढी सुटी.
म्हणून प्रत्येक ओळ फिरून तिथेच येते,
आणि शेवटी किंचित खाली घसरते,
तेलावरून पाय घसरावा तशी.

खरंखोटं बाबा जाणे.
त्यांचा स्वतःचा डावा पाय बोटभर आखूड होता.

काल रात्री दिमोनाहून एझ्राचा फोन.
इथे प्रार्थनाघरात सगळे मोरोक्कोचे, म्हणाला,
मी त्यांच्यात त्यांच्यासारखं म्हणतो रोज.
पण सिगुल्ला, आपली ती चाल,
दुसऱ्या ओळीत वर जाते ती कुठून?
गुणगुणून दाखव ना.

बाहेर नवरात्राची चौथी रात्र.
आमच्या शेरीतल्या पोरांनी, मी न सांगता,
लाउडस्पीकरचं तोंड पलीकडे वळवलंय, भिंतीकडे.
गरबा भिंतीला धडकून येतो,
शब्द गळून, नुसत्या टाळ्या.

मी काहीच बोलले नाही.
एझ्रा तिकडे वाळवंटात फोन धरून.
मग मी चपला काढल्या,
फोन ठेवला फरशीवर, कानशीशेजारी,
आणि चालले.
उजवा पाय पूर्ण, डावा जरा उशिरा,
जरा घासत,
दुकानाच्या दारापासून बाकापर्यंत
आणि वळून परत.
पेट्यांच्या पोटातल्या पट्ट्या पावलागणिक थरथरत होत्या.

तिसऱ्या फेरीला फोनमधून आवाज आला,
अगदी बारीक, तो म्हणायला लागला होता.
पहिली ओळ बरोबर.
दुसरी वर गेली, जिथून जायची तिथूनच.
तिसरीत अडखळला.

तिसरी मलाही आठवत नाही.
बाबा तिथे नेहमी थांबायचे,
बाकाला हात टेकून, दम खायला.
मीही थांबले.
तिकडे एझ्राही थांबला.

मग फोनची बॅटरी गेली.